डाव्याला उजवे कोण म्हणते?

जपानी चित्रकार तोरियामा सेकिएन यांनी 1779 साली भुताखेतांच्या चित्रांचा एक संग्रह काढला. त्यातल्या एका पानावर आमानोझाको नावाची देवी आहे. धड माणसाचे, डोके जनावराचे, नाक लांब, कान लांब. चित्राशेजारी तिची जन्मकथा चार ओळींत उरकलेली आहे. वादळाचा देव सुसानोओ याच्या छातीत संतापाची वाफ इतकी कोंडली, की ती ओकारी होऊन बाहेर पडली आणि त्या ओकारीतून ही देवी झाली. बलाढ्य देवांनाही ती नाकाला लटकावून हजार कोसांवर नेते, आणि पोलादी तलवार दातांखाली धरून तिचे तुकडे पाडते. याआधी 1712 मध्ये ओसाकाचे वैद्य तेराजिमा र्‍योआन यांनी 105 खंडांचा जो सचित्र विश्वकोश पूर्ण केला, त्यात तिच्या स्वभावाचे वर्णन थोडे अधिक सापडते. मनासारखे झाले नाही की ती चवताळते, कोणतेही काम शांतपणे करू शकत नाही, आणि डाव्याला उजवे व पुढच्याला मागचे म्हणते. शेवटी आकाशातली उलटी हवा गिळून ती पुरुषावाचून एकटीच गरोदर राहते, आणि तिचा मुलगा साऱ्या बंडखोर देवांचा राजा होतो.

मराठीत 'उलटी' या एकाच शब्दात तिचा जन्म आणि स्वभाव दोन्ही मावतात. जपानी भाषेत हा श्लेष नाही, तरी तिच्या नावाच्या चिन्हांतल्या एका अक्षराचा अर्थ 'उलट' असाच आहे. मुद्दाम सांगितल्याच्या विरुद्ध वागणाऱ्या माणसाला जपानी घरांत आजही 'आमानोजाकू' म्हणतात, आणि त्या शब्दाचे नाते या देवीशी जोडले जाते. व्हिडिओ गेमच्या आणि इंटरनेटच्या जगात मात्र तिला 'अनागोंदीची प्राचीन देवी' अशी भारदस्त पदवी मिळाली आहे. या पदवीतला 'प्राचीन' हा शब्द मला खटकतो. जपानच्या पुराणकथांचे मूळ ग्रंथ म्हणजे 712 सालचा 'कोजिकी' आणि 720 सालचा 'निहोन शोकी', आणि या दोन्हींत आमानोझाको कुठेच नाही. कोजिकी आणि तेराजिमांचा विश्वकोश यांच्यात बरोबर एक हजार वर्षांचे अंतर आहे. जी भयंकर देवी आदिकाळापासून चालत आलेली वाटते, ती आपल्यासमोर येते एदो काळातल्या (1603 ते 1868), व्यापार आणि छापखाने भरभराटीला आलेल्या शहरांमधून.

मागाहून आलेली गोष्ट सनातन म्हणून मिरवावी, हे जपानच्या आजच्या सार्वजनिक जीवनात फार घडते, आणि त्याचा भार बहुतेक वेळा स्त्रियांवर पडतो. सिंहासन, सुमोचा आखाडा आणि लग्नानंतरचे आडनाव या तीन ठिकाणी स्त्रियांना अडवताना 'परंपरा मोडली तर सगळा गोंधळ माजेल' हे एकच कारण दिले जाते. माझे म्हणणे असे, की हे कारण परंपरेच्या स्वतःच्या दाखल्यांपुढे टिकत नाही. आमानोझाकोचे नाव जपानच्या संसदेत कोणी घेत नाही, हे मला ठाऊक आहे, आणि एखाद्या पुराणकथेवरून कायद्याचा अर्थ लावण्याचा माझा इरादाही नाही. पण अनागोंदीला बाईचे तोंड कसे चिकटवले जाते, हे या कथांत जितके उघड दिसते तितके कायद्याच्या कलमांत दिसत नाही, म्हणून सुरुवात कथांपासून करणे बरे.

ज्याच्या पोटातून आमानोझाको निघाली, त्या सुसानोओचीच हकिकत पाहा. बाप इझानागीने समुद्राचे राज्य दिले, ते सांभाळायचे सोडून हा दाढी छातीपर्यंत वाढेतो आईसाठी रडत राहिला, इतका की डोंगर वाळले आणि नद्या आटल्या. मग स्वर्गात जाऊन त्याने थोरली बहीण सूर्यदेवी आमातेरासु हिच्या भातखाचरांचे बांध फोडले, पाट बुजवले आणि नव्या पिकाच्या नैवेद्याच्या दालनात विष्ठा टाकली. कोजिकीत बहिणीने या वेळी भावाची जी बाजू घेतली आहे, ती वाचताना हसू आवरत नाही. ती म्हणते, ही घाण दिसते खरी, पण माझा भाऊ दारू पिऊन ओकला असेल. आणि बांध फोडले ते जमीन वाया जाऊ नये म्हणून असतील. घरोघरच्या लाडावलेल्या भावांची ओळख पटायला एवढे पुरे आहे. शेवटी त्याने सोललेले शिंगरू छत फोडून विणकामाच्या दालनात फेकले, त्या धक्क्याने एक विणकर स्त्री प्राणाला मुकली आणि आमातेरासु गुहेत जाऊन बसली, तेव्हा कुठे त्याची दाढी छाटून, नखे उपटून त्याला हाकलून देण्यात आले.

पुढचा प्रसंग तर आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. हद्दपार झालेला सुसानोओ अन्नदेवी ओगेत्सुहिमेकडे जेवण मागतो. ती नाक, तोंड आणि गुदद्वार यांतून पदार्थ काढून त्याच्यापुढे मांडते. हे बघून तो म्हणतो, हिने मला ओंगळ अन्न वाढले, आणि तिला ठार मारतो. तिच्या प्रेतातून रेशमाचे किडे, भात, राळे, अझुकी नावाचे कडधान्य, गहू आणि सोयाबीन उगवतात, म्हणजे शेतीच सुरू होते. ज्या देवाने बाईच्या तोंडातून आलेले अन्न अपवित्र मानून तिचा जीव घेतला, त्याच्याच तोंडातून निघालेल्या ओकारीला पुढच्या काळातल्या लेखकांनी बाई केले! बरे, ओकारीतून जन्मणे हेच मुळात हीन मानले जात असेल म्हणावे, तर तेही खरे नाही. अग्निदेवाला जन्म देताना भाजून मरणाऱ्या इझानामीच्या ओकारीतून खनिजांचे देव आणि देवी निर्माण झाल्याचे कोजिकीच सांगतो, आणि त्यांना कोणी राक्षस म्हणत नाही.

सुसानोओचे पुढे काय झाले? इझुमोला जाऊन त्याने आठ पिंप दारू पाजून आठ तोंडांच्या सर्पाला मारले. त्या सर्पाच्या शेपटीतून निघालेली तलवार आज सम्राटाच्या तीन राजचिन्हांपैकी एक आहे. जपानी भाषेतली पहिली कविताही त्याच्याच नावावर आहे. क्योतोचे यासाका देवस्थान त्याचे, आणि दर जुलैत ज्या गिओन उत्सवाला लाखो लोक जमतात तो याच देवस्थानाचा. बांध फोडणारा, घाण करणारा, खून करणारा हा देव पराक्रमी ठरला, कवी ठरला, रोगांच्या साथी दूर ठेवणारा ठरला. त्याच्यातला जो बेबंदपणा पराक्रमात बसत नव्हता, तो ओकून टाकल्यावर त्याला लांब नाक, लांब कान आणि स्त्रीचे नाव मिळाले. तिला ना सर्प मारायला मिळाला, ना कविता करायला. पुरुषाने माजवलेल्या गोंधळाला प्रायश्चित्त असते, बाईचा गोंधळ हा तिचा स्वभावच मानला जातो. माझ्या मते या सगळ्या कथांतला सर्वांत बोलका फरक हा आहे.

याच्याही आधीची एक कथा आहे. इझानागी आणि इझानामी एका खांबाभोवती दोन्ही बाजूंनी फिरून समोरासमोर येतात. इझानामी आधी बोलते, "किती देखणा पुरुष हा!" मग इझानागी तिची स्तुती करतो. त्यांना होणारे मूल हिरुको जळवेसारखे, बिनहाडांचे निघते, आणि ते बोरूच्या होडीत घालून समुद्रात सोडून दिले जाते. दोघे स्वर्गातल्या देवांकडे जाऊन कारण विचारतात, तेव्हा देव कौल लावून सांगतात, की बाई आधी बोलली हे बरे झाले नाही. पुन्हा फेरा होतो, या वेळी पुरुष आधी बोलतो, आणि जपानची बेटे धडधाकट जन्मतात. (समुद्रात सोडलेला हा मुलगाही पुढे लोकश्रद्धेत हसरा एबिसु, म्हणजे कोळ्यांचा आणि व्यापाऱ्यांचा देव होऊन परतला. मुलगे परततात.)

फेब्रुवारी 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या आयोजन समितीचे तेव्हाचे अध्यक्ष आणि माजी पंतप्रधान मोरी योशिरो म्हणाले, की ज्या बैठकांत स्त्रिया पुष्कळ असतात त्या लांबतात, कारण एकीने हात वर केला की दुसरीलाही बोलावेसे वाटते. त्याच ओघात त्यांनी आपल्या समितीतल्या स्त्रियांचे कौतुक केले, की त्या आपली पायरी ओळखून असतात. त्यानंतर 'पायरी न ओळखणाऱ्या बायका' ही ओळ हजारो जपानी स्त्रियांनी समाजमाध्यमांवर अभिमानाने मिरवली, आणि नऊ दिवसांत मोरींना पद सोडावे लागले. खांबाभोवतीच्या त्या फेऱ्यात आणि या बैठकीत बाराशे-तेराशे वर्षांचे अंतर आहे, पण तक्रार तीच, बाई न विचारता बोलली. फरक पडला तो एवढाच, की या वेळी कौल लावणारे देव नव्हते आणि निकाल उलटा लागला.

कोजिकीवर मात्र अन्याय होऊ नये. त्याच ग्रंथात जग अंधारात बुडालेले असताना आमे नो उझुमे ही देवी पालथ्या पिंपावर चढते, पाय आपटत, अंगावरचे वस्त्र सैल सोडून नाचते, आणि ऐंशी लाख देव असे खदखदून हसतात की आमातेरासु कुतूहलाने गुहेचे दार किलकिले करते आणि सूर्य परत येतो. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको, कारण आपल्याकडे गोंधळ माजतोही आणि देवीचा गोंधळ घालतातही. संबळ वाजायला लागले की हा शब्द शिवीचा राहत नाही. उझुमेने त्या दिवशी स्वर्गात घातला तो याच जातीचा गोंधळ होता.

आता सिंहासनाकडे येतो, कारण कथेचा आणि कायद्याचा सांधा तिथेच आहे. जपानचे राजघराणे आपला वंश आमातेरासुपर्यंत नेते, म्हणजे मूळ पूर्वज स्त्री आहे. असे असूनही आजच्या राजघराणे कायद्याचे पहिले कलम सांगते, की पुरुष वंशातल्या पुरुषानेच सम्राट व्हावे. हा कायदा 1947 चा, आणि त्यातले हे कलम 1889 च्या, म्हणजे सम्राट मेइजींच्या काळातल्या, कायद्यातून आलेले. त्याआधी असा लेखी नियमच नव्हता, आणि आठ स्त्रिया मिळून दहा वेळा सम्राटपदी बसल्या, त्यांतल्या दोघी दोनदा. सुइको छत्तीस वर्षे राज्यावर होती. गेन्मेइने 710 मध्ये राजधानी नाराला हलवली. कोजिकी पुरा झाला तो हिच्याच आज्ञेने आणि हिच्याच काळात, आणि निहोन शोकी पुरा झाला तिची मुलगी गेन्शो सम्राट असताना. 'बाई आधी बोलली हे बरे झाले नाही' हे वाक्य ज्या ग्रंथात लिहिले गेले, तो ग्रंथ एका राज्यकर्त्या स्त्रीच्या हाती सोपवला गेला होता, ही गोष्ट परंपरेच्या कैवाऱ्यांच्या भाषणांत सहसा येत नाही. मेइजी कायद्याच्या सुरुवातीच्या मसुद्यांतही स्त्रीला सिंहासनाची मुभा होती. इनोउए कोवाशी यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी विरोध केला आणि ती काढली गेली. म्हणजे ज्याला आज दोन हजार वर्षांची रीत म्हणतात, ते एकोणिसाव्या शतकातल्या एका कचेरीतले मतभेद होते.

विरोधकांचा एक मुद्दा प्रामाणिक आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. ते म्हणतात, या आठही स्त्रिया पित्याकडून राजवंशातल्याच होत्या, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही परक्या पित्याच्या मुलाला गादी मिळाली नाही. हे खरे आहे. गेन्मेइनंतर मुलगी गेन्शो आली, पण गेन्शोचा पिताही राजपुत्रच होता. स्त्री सम्राट होण्याला दाखला आहे, स्त्रीच्या वंशाकडे गादी जाण्याला नाही, एवढे मान्य करू. पण मग आजचा कायदा पहिल्या गोष्टीलाही बंदी का करतो, याचे उत्तर परंपरेत मिळत नाही. ज्या परंपरेने आठ स्त्रियांना बसू दिले, तिच्या नावाने नववीला अडवणे म्हणजे डाव्याला उजवे म्हणणेच आहे.

इथे हमखास सम्राज्ञी शोतोकूचे उदाहरण पुढे येते. आठव्या शतकातली ही स्त्री दोक्यो नावाच्या भिक्षूच्या इतकी आहारी गेली, की 769 मध्ये त्याला सम्राट करावे असा देवाचा कौल आल्याची बातमी उठली. खात्री करायला पाठवलेल्या वाके नो कियोमारोने उलटा कौल आणला, तेव्हा संतापून तिने त्याला हद्दपार केले आणि त्याच्या नावातला 'निर्मळ' हा शब्द काढून 'मळका' घातला. शब्द उलटे करण्याची आमानोझाकोची खोड इथे खरोखर एका राज्यकर्त्या स्त्रीत दिसते, हे मी नाकारणार नाही. याच स्त्रीने दहा लाख छोटे लाकडी स्तूप करवून प्रत्येकात छापील मंत्र ठेवले, आणि जगातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध छापील मजकुरांत त्यांची गणना होते, ही नोंद मात्र त्याच दमात होत नाही. ती 770 मध्ये वारली आणि नंतर थेट 1629 पर्यंत, म्हणजे 859 वर्षे, एकही स्त्री गादीवर आली नाही. आता याच मापाने पुरुष मोजू. 1156 मध्ये निवृत्त सम्राट सुतोकू आणि गादीवरचा त्याचा भाऊ यांच्यात राजधानीतच लढाई झाली. 1336 पासून 1392 पर्यंत उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक असे दोन दरबार, दोन सम्राट, दोन कालगणना चालल्या, आणि देश छपन्न वर्षे भरडला गेला. पुरुष गादीवर असले की अनागोंदी माजते, असा निष्कर्ष यावरून कोणी काढला नाही, काढायलाही नको. मग तो शोतोकूवरूनच का काढायचा?

आकड्यांचा प्रश्न तर याहून रोकडा आहे. पुरुषवंश इतकी शतके टिकला तो उपस्त्रियांच्या भरवशावर. सम्राट ताइशो हे स्वतः सम्राज्ञीच्या नव्हे, तर दरबारातल्या यानागिहारा नारुको यांच्या पोटी जन्मले होते. 1947 च्या कायद्याने अनौरस मुलांचा हक्क बंद केला, त्याच वर्षी राजघराण्याच्या अकरा शाखा सामान्य नागरिकांत गेल्या, आणि राजकन्येने लग्न केले की तिने घराणे सोडावे हा नियम मात्र कायम राहिला. परिणाम व्हायचा तोच झाला. 1965 मध्ये राजपुत्र अकिशिनो, म्हणजे सध्याच्या सम्राटांचे धाकटे भाऊ, जन्मले आणि त्यांच्यानंतर पुढची एक्केचाळीस वर्षे राजघराण्यात ओळीने नऊ मुलीच झाल्या. 2005 मध्ये पंतप्रधान कोइझुमी यांच्या तज्ज्ञ समितीने मुलगा-मुलगी असा भेद न करता थोरल्या अपत्याला गादी द्यावी, असा अहवाल दिला. पुढच्या फेब्रुवारीत अकिशिनोंच्या पत्नी गरोदर असल्याची बातमी आली आणि विधेयक बासनात गेले. सप्टेंबर 2006 मध्ये हिसाहितो जन्मले. सध्याच्या सम्राटांची एकुलती मुलगी आइको 2001 ची आहे, तिचे नाव वारसांच्या यादीत नाही, आणि त्या यादीत एकंदर तीनच नावे आहेत: साठी गाठलेले अकिशिनो, त्यांचा मुलगा, आणि 1935 साली जन्मलेले काका. लोकांची मते घेतली की फार मोठी बहुसंख्या स्त्री सम्राट चालेल असे सांगते, तरी हा प्रश्न संसदेत पुढे सरकत नाही. एका तरुणाला पुढे मुलगा होईल की नाही यावर एवढी मोठी संस्था टांगून ठेवणे, ही मला स्थैर्याची नव्हे तर जुगाराची रीत वाटते.

सुमोच्या आखाड्याची गोष्ट लहान आहे, पण ती डोळ्यांनी पाहिलेली आहे, म्हणजे त्या दिवशीची चित्रफीत साऱ्या जपानने पाहिली. 4 एप्रिल 2018 रोजी क्योतो प्रांतातल्या माइझुरु गावी सुमोच्या फिरत्या कार्यक्रमात तिथले महापौर मातीच्या आखाड्यावर भाषण करत असताना मेंदूत रक्तस्राव होऊन कोसळले. प्रेक्षकांतून काही स्त्रिया धावत वर चढल्या आणि त्यांच्यातल्या एकीने छाती दाबून हृदय चालू ठेवायला सुरुवात केली. भोवती पुरुष गोंधळून उभे होते. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून पंचांचा आवाज आला, "स्त्रियांनी कृपया आखाड्यावरून उतरावे." ही सूचना एकदा नाही, पुन्हा पुन्हा झाली. नंतर आखाड्यावर मीठ शिंपडले गेले. कोणालाही इजा झाली की मीठ शिंपडण्याची रीतच आहे, असे संघटनेकडून सांगण्यात आले, आणि तेही खरे असेल. संघटनेच्या अध्यक्षांनी त्याच रात्री माफी मागितली. पण दोन दिवसांनी ताकाराझुकाच्या महिला महापौरांना आखाड्यावरून भाषण करू दिले नाही, आणि त्यांना बाजूच्या लहान मंचावरून बोलावे लागले. जीव वाचवण्यापुरती सवलत, बोलण्यापुरती नाही, असा याचा अर्थ झाला. त्या दिवशी आखाड्यावर खरा गोंधळ कोणाचा होता आणि डोके शांत कोणाचे होते, हे चित्रफीत पाहणाऱ्याला विचारावे.

आणि ही परंपरा तरी किती जुनी? 'सुमो' हा शब्द जपानी ग्रंथांत पहिल्यांदा जिथे आढळतो असे मानतात, ती जागा निहोन शोकीतल्या सम्राट युर्‍याकूच्या प्रकरणातली आहे. एक सुतार दगडावर लाकूड ठेवून दिवसभर कुऱ्हाड चालवत असतो आणि धारेला एकही खरचटा येऊ देत नाही. सम्राट विचारतो, कधीच चुकत नाहीस का? सुतार म्हणतो, कधीच नाही. मग सम्राट दरबारातल्या दासींना लंगोट नेसवून त्याच्यासमोर कुस्ती खेळायला लावतो, सुताराची नजर ढळते आणि धार दगडावर आपटते. कथा काही फार शोभेची नाही, आणि त्यात त्या दासींची इच्छा कोणी विचारलेली नाही. पण ज्या खेळाच्या नावाची पहिली नोंद स्त्रियांच्या कुस्तीची आहे, त्याच्या आखाड्याला स्त्रीचे पाऊल आदिकालापासून वर्ज्य आहे असे सांगण्यात काय अर्थ आहे?

आडनावाबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण तिथला पुरावा एका वाक्याचा आहे. 1876 च्या सरकारी आदेशानुसार बायकोने माहेरचेच आडनाव लावायचे होते. पती-पत्नींचे आडनाव एकच हवे ही सक्ती 1898 च्या दिवाणी संहितेतून आली. आजचा कायदा म्हणतो की दोघांपैकी कोणाचेही चालेल, पण शंभरातल्या साधारण 95 जोडप्यांत बदलते ते बायकोचेच. सर्वोच्च न्यायालयाने 2015 आणि 2021 अशा दोन्ही वेळा ही सक्ती घटनेला धरून असल्याचे ठरवले आणि प्रश्न संसदेकडे टोलवला. ऑक्टोबर 2025 मध्ये ताकाइची सानाए जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. वेगळ्या आडनावांच्या कायद्याला त्यांचा विरोध आहे, आणि गादी पुरुषवंशातच राहावी असेही त्यांचे मत आहे. एखादी स्त्री सर्वोच्च पदावर बसली की हे प्रश्न आपोआप सुटतात, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ही नोंद घ्यावी.

परक्यांनी यात बोलू नये, असाही एक आक्षेप आहे, आणि जपान सरकारने तो कृतीने नोंदवला आहे. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव दूर करण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने ऑक्टोबर 2024 मध्ये वारसा कायदा बदलावा अशी शिफारस केली, तेव्हा सरकारने निषेध केला आणि जानेवारी 2025 मध्ये आपल्या ऐच्छिक देणगीतला पैसा त्या समितीवर खर्च होऊ नये असे कळवले. सम्राट कोण व्हावा हे जपानी लोकांनी ठरवायचे, यात मला शंका नाही. माझा रोख निर्णयावर नाही, तो त्यासाठी दिल्या जाणाऱ्या कारणावर आहे, आणि ते कारण इतिहासाचे असल्यामुळे कोणीही तपासू शकतो.

भयंकर स्त्रीला सामावून घेणे जपानी परंपरेला जमत नाही, असेही नाही. एक उदाहरण तर आपल्या दारातून तिकडे गेलेले आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात उजव्या हाताच्या लहान गर्भगृहात हारीती बसलेली आहे. ही मुलांना खाणारी यक्षिणी होती. वरच्या बाजूला एकीकडे ती बुद्धावर चाल करून येताना कोरली आहे आणि दुसरीकडे त्याच्या पायाशी लीन झालेली, आणि खालच्या पट्टीत छडी घेतलेल्या पंतोजींसमोर पुढची पोरे अभ्यास करतात व मागची दंगा घालतात. बौद्ध धर्माबरोबर हीच हारीती जपानला पोचली, आणि तिथे तिला किशिमोजिन म्हणून मुलांची राखणदार मानतात. टोकियोतल्या झोशिगाया भागात तिचे सतराव्या शतकातले देऊळ आहे. तिच्या नावाचे पहिले अक्षर म्हणजे 'ओनी', राक्षस. त्या अक्षराच्या माथ्यावर एक लहानशी तिरपी रेघ असते आणि ती रेघ म्हणजे राक्षसाचे शिंग असे लोक मानतात. हारीती बदलली, तेव्हा शिंगही गेले, म्हणून त्या देवळाच्या पाटीवर ती रेघ गाळलेली असते. संगणकाच्या नेहमीच्या अक्षरसंचात असे बिनशिंगाचे अक्षर मिळत नाही, त्यामुळे वर्तमानपत्रांत तिचे नाव अजून शिंगासकटच छापले जाते.